आधी रक्त, मग माती

माय, तू माती खायचीस हे मला सहावीतच कळलं होतं. शेलूबाजारहून भाजलेल्या मातीचे खडे आणून तू तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचीस. एकदा चुलीपाशी तुला पकडलं. "काय खाऊन राह्यली व?" "सुपारी हाय. कायले पायतं माह्या तोंडाकडे?" सुपारीनं ओठ पांढरे होत नाहीत, एवढं मला कळत होतं. मी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी डबा अंगणात उपडा केला आणि तू खाली मान घालून तांदूळ वेचत बसलीस. त्यानंतर तुझं पोट दुखलं, तू परसाकडे धावलीस, नखं पांढरी पडली, की सगळे एकच म्हणायचे, "माती खाते, दुसरं काय होईन?" दवाखान्यात कोणी नेलंच नाही. तू गेलीस तेव्हा मीही तेच म्हणाले, आणि मला ते पटलेलं होतं.

आता मी गावात आशाताईचं काम करते. गरोदर बायांना लोहाची गोळी समोर गिळायला लावते, वर तोंड उघडून दाखवायला सांगते. बाया चिडतात, पण माझा कोणावर विश्वासच बसत नाही. माझ्या पोरीवरही बसला नाही. ती संडासात तासन्‌तास बसायची. मला वाटलं, मोबाईल असेल, कोणी मुलगा असेल. दाराला कान लावायलाही मी कमी केलं नाही. अकोल्याला दुर्बिणीनं तपासलं तेव्हा कळलं, तिच्या आतड्याला आतून जखमा आहेत.

डॉक्टरांनी घराण्यातलं विचारलं. मी तुझं सांगितलं, लाजत लाजत मातीचंही सांगितलं. ते म्हणाले, आधी संडासावाटे रक्त जात असेल, त्यानं लोह कमी झालं असेल आणि म्हणून माती खावीशी वाटली असेल. हे दुखणं जसंच्या तसं उतरत नाही, पण ते होण्याचा कल आईकडून लेकीकडे उतरू शकतो. पुढे ते उमटतं की नाही हे खाणंपिणं, त्यातलं लोह-जस्त आणि आणखी बऱ्याच गोष्टींवर असतं, ज्या अजून कोणालाच नक्की ठाऊक नाहीत. मला डॉक्टरांचाही संशय आला. आज पहिल्यांदा भेटलेला माणूस माझ्या मेलेल्या मायचं पोट कसं ओळखतो? पण जीपमध्ये बसल्यावर रडू आलं. आपण सगळं उलटं समजलो होतो, आणि चुगली माझी होती.

परतीच्या वाटेवर मेडशी गाव यायच्या आधी पोरीनं हळूच विचारलं, "आई, हे मले तुयाकडून आलं का?"

"माह्याकडून कायले? मले काईच नाई."

डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं होतं. तुला लिहिलेला हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन. दिवाळीपासून मलाही रक्त जातंय, माय. दुखण्याची मला एवढी भीती नाही. पोर माझ्याकडे बोट दाखवेल, याची आहे.