तोंडावरचा वारा

२ जून

आलं एकदाचं मशीन! जेवणाच्या डब्याएवढं, राखाडी. एक लांब नळी आणि नाकावर बसवायचा रबरी मास्क. रात्रभर नाकात वारा भरत राहणार, म्हणजे घसा मिटणार नाही, म्हणजे झोपेत श्वास थांबणार नाही. रोज. जन्मभर. डॉक्टर ‘जन्मभर’ इतक्या सहज म्हणाले, जसा चष्म्याचा नंबर सांगावा.

मी चोवीस वर्षांची. वाऱ्यानं उडेन अशी. हा आजार म्हणे जाड्या, दारू पिणाऱ्या, पन्नाशीच्या पुरुषांना होतो. मग मला का? डॉक्टरांनी आरशात माझी हनुवटी बाजूनं दाखवली. खालचा जबडा लहान, मागे गेलेला. झोप लागली की जीभ मागे पडते आणि वाट बंद. ही हनुवटी बाबांची. बाबांनी मागे ठेवलं ते एवढंच — हनुवटी, आणि बोराम हे नाव. ‘सार्थक’ असा अर्थ. छान चाललंय सार्थक!

आईनं मशीन सुरू करायला लावलं. नळीपुढे हात धरला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला.

“हा तर पंखा!”

“पंखा नाही गं आई —”

“वारा येतो ना? तोंडावर येतो ना? दार लावून, रात्रभर? मग पंखाच. त्या डॉक्टरला आईबाप आहेत की नाहीत?”

आमच्या घरात पंखा भिंतीकडे तोंड करून फिरतो. खिडकी उघडी, टायमर लावलेला. पंखा लावून झोपलेला माणूस सकाळी उठत नाही — आमच्या थोंगयंग बंदरात हे शेंबड्या पोरालाही माहीत. कॉलेजात गेल्यावर मला कळलं, की आपल्या देशाबाहेर हे कुणी ऐकलेलंही नाही. केवढी लाज वाटली होती तेव्हा. कसल्या कसल्या गोष्टींना भिऊन आपण मोठे झालो!

४ जून

झोप नाही. नाक कोरडं ठक्क. कुशीवर वळलं की मास्क फुसफुसतो. आपण माणूस नाही, सायकलची ट्यूब आहोत असं वाटतं.

९ जून

गालांवर पट्ट्यांचे वळ घेऊन वर्गात गेले. माझा वर्ग म्हणजे अकरा आज्या, सगळ्यात धाकटी चौऱ्याहत्तरची. लहानपणी शाळेत पाठवलं नाही म्हणून आता अक्षरं गिरवणाऱ्या. माझी स्वतःची आजी बस रंगावरून ओळखायची आणि बसचा रंग बदलला त्या वर्षी तिनं बाजाराला जाणं सोडलं. म्हणून मी हे काम घेतलं. शहरात दुप्पट पगार मिळत होता. नको म्हटलं.

मालसून आजींनी माझं तोंड बघितलं. “काय हो बाई, कुणी थोबाडलं?”

“नवरा नाही तरी मार खाते!” मागून कुणीतरी. हशा.

मग मी सांगितलं मशीनचं. वाटलं, शिक्षिकेनं लपवू नये. मालसून आजी पेन्सिल ठेवून म्हणाल्या, “बाई, तुमच्या आईला माहीत आहे का हे? वाऱ्यापुढे झोपता ते?”

अकराच्या अकरा जणी आईच्या बाजूनं!

१३ जून

आज पुन्हा झोपले. वर्गात. मालसून आजी फळ्यासमोर उभ्या राहून पहिल्यांदा एक आख्खं पान वाचत होत्या. दीड वर्षं वाट पाहिली त्या पानाची — त्यांनीही, मीही. आणि मी खुर्चीत मान टाकली. घोरले सुद्धा, म्हणे.

जागी झाले तेव्हा त्या हळू आवाजात वाचत होत्या. मला जाग येऊ नये म्हणून.

१६ जून

गृहपाठ होता — मनानं एक वाक्य लिहा. मालसून आजींचं वाक्य: ‘आमच्या बाई चांगल्या आहेत पण झोपतात.’ एकही चूक नाही. साक्षरता केंद्राच्या प्रमुख प्यो मॅडमनी ते कौतुकानं वाचायला घेतलं आणि वाचून माझ्याकडे पाहिलं.

“बोराम, रात्री काय करतेस तू?”

आजार आहे म्हटलं. मशीन घेतलंय म्हटलं.

“मशीन घेतलंयस तर मग झोपतेस का?”



२० जून

तीच शिसं भरलेली मान. तीच सकाळची डोकेदुखी. मशीन असून नसल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, दोन आठवड्यांत नवा जन्म वाटेल. कुणाचा?

आणि रोज सकाळी मास्क उशाशी पडलेला. झोपेत मीच ओरबाडून काढत असणार. स्वतःचाच राग येतो.

३ जुलै

क्लिनिकला गेले. मशीनचा माणूस — तिशीचा, केस चापून बसवलेले — पडद्याकडे बघून म्हणाला, “ताई, तुम्ही वापरतच नाही. तासाभरात बंद करता.”

“मी बंद करत नाही. झोपेत निघत असेल.”

“मास्क निघेल. बटण कोण दाबतं?”

मग त्यानं नियम सांगितला, पाठ केलेला. पहिल्या तीन महिन्यांत पुरेशा रात्री पुरेसे तास वापर दिसला नाही, तर विमा हात काढून घेतो. मशीन परत. “सगळे असंच म्हणतात हो, मी नाही केलं. कंटाळा येतो, खरं आहे. पण खोटं बोलून काय उपयोग?”

खोटं! आयुष्यात मी परीक्षेत मान वर केली नाही. आणि हा मला खोटारडी म्हणतो.

घरी येऊन दार लावून रडले. पण त्याचंच खरं असेल तर? झोपेत उठून मीच बटण दाबत असेन तर? आतून मलाच बरं व्हायचं नसेल तर?

४ जुलै

मास्कच्या पट्ट्या गालाला चिकटपट्टीनं चिकटवल्या. सकाळी चिकटपट्टी नीट घडी घालून उशाशी.

मी एवढी नीटनेटकी आहे का?

११ जुलै

माझा वर्ग गेला. प्यो मॅडमनी फार गोड शब्दांत सांगितलं. निवृत्त मास्तर मिळालेत, तू काही दिवस ऑफिसात बस, प्रकृती सांभाळ. प्रकृती! मालसून आजी जिन्यापर्यंत आल्या आणि माझ्या हातात दोन उकडलेले बटाटे कोंबले.

“तो मास्तर झोपत नाही,” त्या म्हणाल्या. “पण फार ओरडतो.”

आईला सांगितलं नाही. तिला वाटतं मी शिक्षिका आहे.

१९ जुलै

आई काल बुसानला गेली. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन रात्री तिकडेच.

आज सकाळी मला जाग आली आणि पडल्या पडल्या काहीतरी वेगळं वाटलं. कळेना काय. मग लक्षात आलं, काहीच दुखत नाही! मास्क नाकावर, मशीन चालू. उठले, भात लावला, मुळ्याची किमची काढली, तीन वाटी भात जेवले. खिडकीतून बंदरावरचे आवाज आले, एकेक वेगळा. लोक रोज असे उठतात? आणि कुणी मला सांगितलं नाही?

२० जुलै

आजही! सगळी रात्र!

२१ जुलै

काल रात्री आई आली. सकाळी मास्क उशाशी. मान शिशाची.

मी मूर्ख नाही.

२१ जुलै, संध्याकाळी

आई अंगणात सुकटीची टोपली घेऊन बसली होती, माशांची डोकी मोडत. सरळ विचारलं. तिनं हातातलं कामही थांबवलं नाही.

“हो. मीच बंद करते. तुझा डोळा लागला की.”

“रोज?”

“रोज. आधी बटण, मग पट्टी. तुला जाग येऊ नये म्हणून श्वास धरून काढते.”

श्वास धरून! माझा श्वास बंद करून ही आपला श्वास धरते! मग माझं सुटलंच. तुझ्यामुळे माझा वर्ग गेला म्हटलं. तुझ्यामुळे मी खोटारडी ठरले. मी वर्गात घोरते, आई, म्हाताऱ्या बायका माझ्याकडे दयेनं बघतात. का, तर तुझं एक खूळ! पंख्यानं माणूस मरत नाही. सगळ्या जगात कुणी मेलेलं नाही. फक्त आपल्याकडच्या अडाणी लोकांना —

‘अडाणी’ म्हणाले मी. आईला.

“मग तुझा बाप कशानं गेला?”

बाबा झोपेत गेले एवढं मला ठाऊक होतं. बोटीवरून आले, दुपारचे झोपले, उठले नाहीत. लोक पंख्याचं बोलायचे, तेही ठाऊक. मी दुसरीत होते. पंखा कुणी लावला हे घरात कुणी बोलत नसे.

“मी लावला होता,” आई म्हणाली. टोपलीतच बघत. “मीच. आता कळलं? आता जा, ओरड अजून.”

२२ जुलै

बोलणं नाही. ती मशीनला हात लावत नाही. मीही लावून झोपले नाही. कुणावर सूड घेतला, मला माहीत नाही.

२४ जुलै

ऑफिसात फायली लावता लावता एकदम आठवलं. बाबांचं घोरणं! सगळी गल्ली हसायची — बोट बंदरात, भोंगा घरात. आणि मध्येच घोरणं थांबायचं. मी गोष्टीचं पुस्तक घेऊन मोजायचे, आता येईल, आता येईल. मग केवढा मोठा आवाज करून यायचं.

लहानपणी मी झोपलेल्या बाबांचा आजार मोजत बसायचे.

२८ जुलै

डॉक्टरांना विचारलं. मेलेल्या माणसाला तपासता येत नाही, म्हणाले. पण ती हनुवटी, ते घोरणं, वर दारू, वर बोटीवरची रात्रपाळी. “असू शकतं. बरंच असू शकतं. पंख्याचं मात्र मनातून काढून टाका.”

बसमध्ये बसवेना. मला घरी जायचं होतं.

२८ जुलै, नंतर

आईला सगळं समजावलं. कागदावर घसा काढला, जीभ काढली, वाट कशी बंद होते ते काढलं. ती शांतपणे ऐकत होती. आईसारखी नाही, वर्गातल्या आज्यांसारखी, ओठ हलवत.

“म्हणजे पंखा नसता लावला, तरी?”

“तरीही, आई.”

“आणि कुणीही लावला असता तरी? कुणीही?”

“पंख्याचा संबंधच नाही.”

“पुन्हा सांग.”

पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग मासळीच्या वासाच्या हातांनी माझं तोंड धरलं आणि बघत राहिली, नुसती बघत. मला वाटलं, बाबांची हनुवटी बघते आहे.

झोपताना तिनं स्वतः पट्टी बांधली. “घट्ट झाली का?” म्हणाली.

कर्ज काढून शिकले त्याचं आज चीज झालं. सतरा वर्षं ही बाई नवऱ्याला मारल्याचं ओझं घेऊन वावरली आणि मी ते एका संध्याकाळी उतरवलं. राग येतो तो इतरांचा. दर उन्हाळ्यात टीव्हीवर घाबरवणाऱ्यांचा. गल्लीचा. दारात येऊन ‘पंखा होता का?’ विचारणाऱ्या प्रत्येक तोंडाचा. बाबांना कुणी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. सगळे हसत बसले.

६ ऑगस्ट

रोज रात्रभर. वळ तेच, नाक तसंच कोरडं, पण मान माझी आहे. मशीनवाला पडदा बघून म्हणाला, “बघा, मनावर घेतलं की जमतं!” आकडे पुरेसे होतील म्हणे, विमा राहील. त्याच्या चापून बसवलेल्या केसांवर जवाच्या चहाचा पेला ओतावासा वाटला.

१२ ऑगस्ट

प्यो मॅडमना म्हटलं, मी आता बरी आहे. वर्ग परत द्या.

“मास्तरांना आता कसं काढायचं? त्यांनाही वाईट वाटेल ना.”

माझ्या वाईट वाटण्याची कुठेच नोंद नाही. मालसून आजी गेल्या आठवड्यापासून येत नाहीत, असं कळलं. उद्या त्यांच्या घरी जाणार, पाटी घेऊन. मॅडमना विचारणार नाही.

१६ ऑगस्ट

उद्या बाबांचं श्राद्ध. मावशी आली, काठी टेकत. आई गुणगुणत होती! भोपळ्याच्या चकत्या कापताना. दुपारी ती पंख्यापुढे बसली, तोंडावर वारा घेत, डोळे मिटून.

१७ ऑगस्ट

भजी तळताना मावशी म्हणाली, “तुला सगळं कळलं ते बरं झालं. ताईनं फोनवर सांगितलं, बोरामचा दोष नव्हता म्हणे, डॉक्टरच बोलले. किती रडली बाई.”

माझा दोष?

मावशीला वाटलं होतं, मला माहीत आहे. मग तिला सगळं सांगावंच लागलं.

त्या दुपारी आई घरी नव्हतीच. सुकटीच्या शेडमध्ये होती. सुट्टी होती, मी एकटी घरात. बाबा घामाघूम झोपलेले. मी पंखा त्यांच्या तोंडाकडे वळवला, दार लावून घेतलं, आणि आई आली तेव्हा दारातच सांगितलं — आई, बघ, बाबांना आता घाम येत नाही. लोक जमायच्या आत आईनं ठरवून टाकलं होतं. सगळ्यांना ती सांगणार, ‘पंखा मी लावला.’

मला काही आठवत नाही. काहीच नाही.

आई हाका मारते आहे, बोराम, भजी थंड होतायत. जायला हवं. तिच्याकडे बघायला हवं.