करंजपाड्याची मुक्कामी गाडी

करंजपाडा, ता. जव्हार
३ फेब्रुवारी २००२

ती. उमेशदादास,
योगिताचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण वरई कांडायला कुणी दुसरी बसली की लगेच दुखायचा थांबतो. वहिनीला नमस्कार, हर्षालीला पापा.

आता खरी बातमी. आपल्या पाड्यावर मुक्कामाची एस.टी. आणायची, असं मी ठरवलंय. हसू नकोस! गेल्या वर्षी सातवी झालेल्या पाच पोरी घरी बसल्या, यंदा सहा बसतील. हायस्कूल जव्हारला, डांबरी फाटा सहा किलोमीटरवर, आणि भिकादादाची जीप भरल्याशिवाय हलत नाही. ती भरते तोवर शाळेची प्रार्थना होऊन गेलेली असते. रात्री गाडी इथेच राहिली तर सकाळी सहाला सुटेल, आणि पोरी शिकून संध्याकाळी घरी.

अंगणवाडी सुटली की मी रोज दोन घरी जाते. हातात अर्ज नाही, वही नाही. नुसती बसते आणि विचारते, गाडी आली तर तुम्ही कुठे जाल? दादा, लोक काय काय बोलतात! खालच्या पाड्यातली सुकरीआजी म्हणाली, बाय, दोन सालं झाली, डोळं दाखवायचं हायत, पण जीपच्या टपावर म्हातारीला कोण चढवील? तिथल्याच लाडक्याची भाजी फाट्यावर पोचेपर्यंत सुकते. एका नव्या सुनेला तर फक्त माहेरी जाऊन त्याच दिवशी परत यायचंय, म्हणजे सासू नाही म्हणणार नाही! गाडी प्रत्येकाला वेगळ्या कामाला हवी आहे, पण हवी आहे सगळ्यांनाच. मला रात्री झोप लागत नाही इतकं भारी वाटतंय. चौदा घरं झाली, तेवीस राहिलीत.

पत्राचं उत्तर लवकर टाक. माया आहे तेवढी ठेव, वाढली तरी आमची तक्रार नाही.

तुझी,
योगिता

*

ठाणे
१४ फेब्रुवारी २००२

चि. योगितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हर्षालीने मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनी म्हणते, वन्संना आता निवडणुकीला उभं करा. थट्टा सोड, काम चांगलं आहे. पण सदतीस घरं हिंडून चपला कशाला झिजवतेस? आमच्या मोठ्या साहेबांचे साडू एस.टी.त वरच्या जागेवर आहेत. मी एक शब्द टाकतो. चहाच्या एका कपात होणारं काम आहे.

दुसरं जरा कडू लिहितो. भिकाचा विचार केलास का? तो आपल्या सख्ख्या काकांचा मुलगा. बाबांच्या आजारपणात महिनाभर त्यांना दवाखान्यात कुणी नेलं-आणलं, ते तुला सांगायला नको. त्याचं घर त्या जीपवर चालतं. उद्या ती रिकामी उभी राहिली, तर आई काकूसमोर कोणत्या तोंडाने जाईल? मला हे पटलेलं नाही. रागावू नकोस, पण विचार कर.

आईला जप. आमच्यावरचा लोभ राग आला तरी कमी करू नकोस.

तुझा,
उमेशदादा

*

करंजपाडा
४ मार्च २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साहेबांच्या साडूंना त्रास देऊ नकोस. एकाच्या शब्दावर आलेली गाडी दुसऱ्याच्या शब्दावर बंद होईल, आणि आम्ही पुन्हा तुझ्या दारात. सदतीस घरांनी आणलेली गाडी बंद करायची तर सदतीस घरांना तोंड द्यावं लागेल. म्हणून चपला झिजू देत. येताना नवीन आण, माप तुला माहीत आहे.

भिकादादाचं मात्र तू लिहिलंस ते लागलं. खरं सांगू? त्याचं घर मी भीतीनेच शेवटी ठेवलं होतं. तोवर दुसऱ्याच कुणी त्याच्या कानावर घातलं. एके दिवशी मी हात केला आणि जीप माझ्या अंगावर धूळ उडवून पुढे गेली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या रविवारी त्याच्याकडे गेले. तो चाक बदलत होता, मान वर केली नाही. कोंडीवहिनीने चहा दिला तो पिऊन परत आले. काल पुन्हा गेले. तेव्हा तो बोलला. म्हणाला, सगळ्यांनी मिळून माझ्या पोटावर पाय द्यायचं ठरवलंत, आणि तू चहा प्यायला येतेस? मी सांगितलं की याचं उत्तर माझ्याजवळ नाही, मी आधीच यायला हवं होतं, चुकले. आणि मग सगळ्यांना विचारते तेच त्यालाही विचारलं, की दादा, तुला काय हवंय?

दारातून कोंडीवहिनी म्हणाली, आपली रुपी यंदा सातवीला हाय, तिचं काय करणार ते सांगा की. त्यावर तो एकदम उसळला. म्हणाला, माझ्या जीपमध्ये दहाच्या जागी वीस माणसं कोंबतो मी, बाप्यांच्या मांडीला मांडी लावून माझी पोर रोज जाणार नाय! बोलला आणि स्वतःच हातातल्या पान्याकडे बघत बसला. मी उठून घरी आले. पण दादा, मला वाटतं काहीतरी हललंय.

तुझं मत बदललं की नाही ते कळव. तिकडे सगळ्यांनी आम्हाला आठवत राहावं.

तुझी,
योगिता

*

ठाणे
१५ मार्च २००२

चि. योगितास,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. काल साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो, पण साडूंचा विषय काढला नाही. का, ते मलाच नीट सांगता येत नाही.

एक सुचतं. भिकाला उत्तर तू शोधून देऊ नकोस. तो रस्ता त्याच्याइतका कुणालाच माहीत नाही. त्यालाच शोधू दे. आणि वरचा पाडा नि खालचा पाडा एका जागी बसवणार कसे? ते तर लग्नाच्या पंगतीतही पाठीला पाठ लावून बसतात! चपला घेतल्या आहेत. तुझ्याविषयीचा अभिमान या पाकिटात मावत नाही, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
दादा

*

करंजपाडा
२६ एप्रिल २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि. घाईत, कारण बातमी मोठी आहे!

डेपोचे साहेब काल येऊन गेले. पण आधीचं आधी सांगते. बोहाड्याची सोंगं नाचून झाली, वीटभट्ट्यांवरची माणसं परतली, तेव्हा आम्ही शाळेच्या पटांगणात सभा घेतली. दोन्ही पाडे आले आणि पहिल्या दहा मिनिटांत भांडले. गाडी रात्री उभी कुठे राहणार? वरचे म्हणाले, घरं आमची जास्त. खालचे म्हणाले, रस्ता आमच्याकडे संपतो. लाडक्या तर टोपी झटकून उठलाच. तेव्हा सुकरीआजी ओरडली, अरे, झोपलेल्या डायव्हरला पाडा कळतो का? लोक इतके हसले की भांडणच विसरले. मग ठरलं की गाडी मध्ये शाळेपाशी उभी राहील, डायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपतील, आणि जेवण एक आठवडा वरच्यांचं, एक आठवडा खालच्यांचं. लगेच कुणाचं कालवण चांगलं यावर वाद सुरू झाला, पण तो गोड वाद होता.

भिकादादा त्या सभेला आला नाही.

सभेत केलेला अर्ज आम्ही जव्हारच्या डेपोत दिला होता, म्हणून काल साहेब आले. माणूस सरळ होता. रस्ता पायी पाहिला, दोन वळणं रुंद करावी लागतील म्हणाला. आपल्या वरच्या पाड्यातल्या बारक्याने तिथल्या तिथे कुदळ दाखवली. पण शेवटी साहेब म्हणाले, सगळं ठीक, मात्र चार-पाच प्रवाशांसाठी गाडी देता येत नाही, इथे प्रवासी आहेत कुठे? मी बोलायला उभी राहिले आणि दादा, तीन महिने घराघरातून ऐकलेलं एकही नाव आठवेना.

तेवढ्यात मागून भिकादादा आला. आपली जीप लांब लावून कधीचा उभा होता कोण जाणे. म्हणाला, साहेब, प्रवासी रोज मी नेतो, मला विचारा. आणि बोटावर सांगत सुटला. बाजाराच्या दिवशी चाळीस. इतर दिवशी पंचवीस-तीस. टपावर कोण बसतं, जागा नाही म्हणून कोण परत जातं, कोण पोर कडेवर घेऊन फाट्यापर्यंत चालतं, नावानिशी! साहेब लिहितच राहिले. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, की गाडी आली तर तुझा धंदा बसेल, हे कळतंय ना तुला? भिकादादा म्हणाला, डोंगरावरच्या तीन पाड्यांना तुमची गाडी जन्मात चढणार नाय. तिथली माणसं मी शाळेपर्यंत आणीन, दहाच्या जागी दहाच. आणि माझी पोर तुमच्या गाडीत बसेल, पुढच्या शिटावर.

कोंडीवहिनी पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. जाताना साहेबांनी विचारलं, तुमचा पुढारी कोण? तर दहा जणांनी दहा वेगळ्या माणसांकडे बोट दाखवलं!

उद्यापासून वळणं खणायला दोन्ही पाडे जाणार. आई पण निघालीय, गुडघ्यासकट. शाळा सुरू होण्याआधी गाडी सोडायचा प्रयत्न करतो, असं साहेब बोललेत. लवकर ये. इथे सगळ्यांना तू हवा आहेस, मला जास्त.

तुझी,
योगिता

*

ठाणे
९ जुलै २००२

चि. योगितास,
अनेक अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचलो. घरी दोन दिवस होतो, पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. समोर बसून सांगताना मला रडू आलं असतं, म्हणून लिहितो.

शुक्रवारी संध्याकाळी जव्हार स्टँडवर उतरलो. नाशिक, डहाणू, ठाणे अशा गाड्या लागत होत्या आणि भोंग्यावर आपल्या पाड्याचं नाव पुकारलं गेलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा पुकारलं तेव्हा धावत सुटलो. गाडीत रुपी आणि तिच्या मैत्रिणी सगळ्या पुढे, दप्तरं मांडीवर, आणि गणिताच्या बाईंची अशी नक्कल चालली होती की ड्रायव्हरही हसत होता.

जागा एकच होती, लाडक्याशेजारी. खालच्या पाड्यातल्या माणसाशी मी आयुष्यात रामराम सोडून काही बोललो नसेन. त्याने रिकामी टोपली पायाशी ओढली आणि सरकून जागा दिली. मी काय बोलावं ते सुचेना, म्हणून तुझ्यासारखं विचारलं, आज काय नेलं होतंस? तिथून शाळा येईपर्यंत तो बोलत होता. भेंडी, बायकोचा खोकला, धाकट्याला कुठे घालावं, सगळं. मी ऑफिसात इतकी वर्षं माणसांचे अर्ज ऐकतो. माणूस असा ऐकला नव्हता.

शाळेपाशी भिकाची जीप डोंगरावरच्या माणसांसाठी उभी होती. मी उतरायला लागलो तसं कंडक्टरने सहज विचारलं, पाहुणे कुणाकडचे? मी तोंड उघडायच्या आतच लाडक्या मागून म्हणाला, पाहुणा नाय, आमचा हाय.

आईला नमस्कार. आम्हा तिघांवर अशीच माया करत राहा.

तुझा,
उमेशदादा