तोसेचा नकार

३ ऑक्टोबर
मिनेगिशीबाईंनी अखेर होकार दिला! त्यांच्या विज्ञानकादंबरीवर सिनेमा मीच करणार. अट एकच, शेवट बदलायचा नाही. गोष्ट अशी: समुद्र चढतोय. बोटीत कोणाला घ्यायचं ते सरकारी यंत्र ठरवतं आणि म्हाताऱ्यांना वगळतं. कोळीण तोसे यंत्र फोडते, म्हाताऱ्यांना होड्यांत बसवते. अधिकारी म्हणतो, माफी माग. ती म्हणते, नाही. संपलं. चटईवर कपाळ टेकून शब्द दिला. बाई म्हणाल्या, नारुसावा, पुस्तकात ते 'नाही' तेवढंच माझं आहे, सांभाळा. भडभडून आलं. जीव गेला तरी बेहत्तर, शब्द मोडणार नाही.

९ ऑक्टोबर, दुपार
निर्माता एबिहारा मिठाईचा डबा घेऊन घरी. पैसे लावणाऱ्यांत एक खेळण्यांची कंपनी आहे. तिला यंत्र गोंडस हवंय, कानबिन असलेलं. कानांनी काय आभाळ कोसळणार आहे? मान डोलावली. आज मी ऐकलं, उद्या ते ऐकतील. यालाच मुत्सद्देगिरी म्हणतात.

१४ ऑक्टोबर
पुन्हा एबिहारा. पुन्हा मिठाई (चेस्टनटची, झकास). म्हणाला, साहेब, एवढं गोड यंत्र फोडलं तर थिएटरात पोरं रडतील हो. मुद्दा बरोबर आहे. तोसे आता फक्त बटण बंद करते. हळूच. शेवट शाबूत आहे!

२० ऑक्टोबर
एबिहारा पुन्हा दारात. पैसे लावणाऱ्यांतल्या विमा कंपनीचे लोक म्हणतात, उठसूट कोणीही सरकारचा हुकूम मोडला तर समाजात काय संदेश जाईल? म्हणून यंत्र मुळात बरोबरच होतं, म्हाताऱ्यांसाठी वेगळी बोट येणारच होती, तोसेचा गैरसमज झाला. एबिहारा म्हणाला, तुमची हरकत नसेलच. मी 'हं' म्हणालो. 'हं' म्हणजे होकार नव्हे. ऐकतोय, एवढंच.
चिझुरु म्हणाली, अहो, गैरसमज तिचाच झाला तर माफीही तीच मागणार ना? बायकोला पटकथेतलं काय कळतंय. झोप नाही.

२५ ऑक्टोबर
तोसे माफी मागते. कमरेत वाकून, बराच वेळ. एबिहारा म्हणाला, फार हृद्य होईल.
बास! आता सहन करणार नाही. पण दारात आलेल्या माणसाला तोडून बोलणं बरं दिसत नाही. परवा सगळ्यांसमोर पटकथेचं वाचन आहे, मिनेगिशीबाईही येणार. तिथे मूठ आपटून बोलणार. आरशासमोर सराव केला. चिझुरु म्हणाली, सगळं ठरतं ते दारोदारच्या मिठाईवर, तिथे फक्त चहा पितात. आयुष्य काय पहिल्यांदा जगताय? दुर्लक्ष केलं. चांगला निळा सूट इस्त्रीला दिला.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ
निळा सूट घालून गेलो.
वाचन माफीपर्यंत आलं. तोसेचं काम करणारी नटी अडली. तिने विचारलं, माफी नक्की कशाची? बाई माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, वाट बघत. हाच क्षण! मूठ वळली. तेवढ्यात एबिहारा उठून म्हणाला, दिग्दर्शकसाहेबांनी प्रत्येक बदलाला आधीच मनापासून संमती दिली आहे, त्यांचे आभार. मंडळी माझ्याकडे वळून वाकली. सगळेच्या सगळे. आता समोर एवढी माणसं वाकल्यावर काय करणार? मीही वाकलो.
वर बघितलं तर बाई उभ्या होत्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, नारुसावा, सिनेमा तुमचा तुम्ही करा. फक्त 'तोसे' हे नाव काढा. ते माझ्या बहिणीचं आहे. युद्धात गाव रिकामं करताना आईला सोडून ट्रकमध्ये बसायला तिने नकार दिला होता. दोघी मागेच राहिल्या. तिला मी माफी मागायला लावणार नाही.
खूप खाली वाकून नमस्कार केला आणि निघून गेल्या. त्यांच्या मागे पळायला हवं होतं. पण समोर चहा आला होता.

२८ ऑक्टोबर
नाव बदललं. आता ती मिमी, म्हणजे कान. खेळण्यांच्या कंपनीचा निरोप आला, नाव फार आवडलं.