हिच्यासाठी एक हरीण

३ डिसेंबर, सकाळ
जाग आली ती कानात घुमणाऱ्या वर्गाच्या कोरसने. थंडीत दातांवर दात वाजायचे, तरी आम्ही पोरं हिवाळ्याची कविता एका चालीत म्हणायचो आणि गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे. काय दिवस होते.
आता घर गप्प. ही बहिणीकडे गेली आहे. हवापालट म्हणून. जाताना दारात म्हणाली, दर हिवाळ्यात तळ्यावर नेलंत, पण तुमच्या कवितांपायी एक प्राणी धड बघू दिला नाहीत. रागात माणूस वाढवूनच बोलतो.
निश्चय : तळ्यावरच्या हरणाचा फोटो काढून हिला पाठवायचा. बघितला की स्वारी परत. कॅमेरा घेतला. आठवड्याभरात काम फत्ते.

५ डिसेंबर
झुडपाच्या आडोशाला बसलो. बर्फातून ससा आला. पहिलं कडवं आपसूक तोंडातून बाहेर पडलं. दुसऱ्या कडव्याला ससा नव्हता. फोटोत बर्फ मात्र उत्तम आला आहे.

६ डिसेंबर
फोन केला. मेहुणी म्हणाली, ताई आंघोळीला गेलीय. दुपारी केला, तेव्हाही आंघोळ. संध्याकाळीही आंघोळ.
ही पहिल्यापासूनच स्वच्छतेची फार.

९ डिसेंबर
कडक मौन. तोंडावर मफलर बांधून बसलो. हरीण आलं. तोंड बंदच होतं, पण बुटाने आपला आपण ताल धरला, त्याला मी काय करणार? फोटोत शेपूट.
परतताना वनरक्षक भेटला. म्हणे, काका, फोटो काढता की जनावरं हाकलता? सरकारी खात्यात काव्याचं अंग कमीच.

१३ डिसेंबर
बर्फात उमटलेल्या हरणाच्या पावलांचा फोटो पाठवला. सोबत स्वतःच्या चार ओळी. मेहुणीला फोन करून विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली, भावोजी, ताई म्हणाली की पावलं निघून जाणाऱ्याची आहेत. एवढंच.
काय बारीक नजर आहे हिची. म्हणजे राग ओसरला.

१८ डिसेंबर
थंडीने घसा पार बसला. आवाजच फुटत नाही. तरी गेलो. हरीण आलं. तळ्याच्या न गोठलेल्या कोपऱ्यात पाणी प्यालं, मान वर केली, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभं राहिलं. हरणाच्या पापण्या लांब असतात. त्यांत बर्फाचे कण अडकतात. हे हिलाही ठाऊक नसेल. आली की सांगेन.
फोटो लख्ख आला. तिथूनच मोबाइलवर घेऊन पाठवला.

१९ डिसेंबर
मेहुणीचा आपणहून फोन. फोटो बघून ताई रडली म्हणे. पुष्कळ रडली. मग मेहुणीने विचारलं, भावोजी, उद्या सकाळी घरी आहात ना? घोगऱ्या आवाजात म्हटलं, आहे म्हणजे काय, आहेच.
झालं. येतेय.

२० डिसेंबर
सकाळीच घर झाडलं. हिची खुर्ची खिडकीपाशी उन्हात सरकवली. दोन कप धुऊन उपडे ठेवले. आरशासमोर दोनदा भांग पाडला.
बेल वाजली. दारात साडू. हातात मोठी रिकामी सुटकेस. मी त्यांच्या खांद्यावरून जिन्यात बघितलं. मागे कोणी नव्हतं.
आत या म्हटलं, आले नाहीत. म्हणाले, तिने तिचे उन्हाळ्याचे कपडे मागवलेत.
मी म्हटलं, एवढ्या थंडीत?
ते पायपुसण्यावर बूट घासत राहिले.