डाव्या दाराची फट

मी, श्रीपतराव बळवंतराव माने, वय ६७, निवृत्त चित्रकला-शिक्षक, राहणार वाडी, बडोदे, आज पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून सही घेतलेली नाही. १९८९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात गाडी नव्हती, आणि हे सारे गाडीपायीच लिहावे लागत आहे.

कलम १. वाडीतले राहते घर, माडी व ओट्यासह, माझी एकुलती एक मुलगी सौ. अवंती पीयूष देसाई हिला द्यावे. माडीच्या रस्त्याकडील खिडकीला पडदा लावू नये. कारण कलम ४ मध्ये आले आहे.

कलम २. बँकेतली ठेव आणि पोस्टातली बचतपत्रे अवंतीलाच. जावयांनी त्यात हात घालू नये. पीयूषराव माणूस भला आहे, पण शेअर बाजाराचे नाव निघाले की त्यांचे डोके ठिकाणावर राहत नाही.

कलम ३. माझा धाकटा भाऊ उदयसिंहराव याने १९७४ साली वडिलांच्या मोटारीचा पितळी भोंगा न विचारता नेला. म्हणून वडिलांचा गणवेशातला फोटो त्याला देऊ नये, असे मी आधी मोठ्या झोकात लिहिले होते. कलम ४ लिहून झाल्यावर मला तोंड उरले नाही. फोटो त्याला द्यावा. भोंग्याबद्दल माझी तक्रार नाही.

कलम ४. पांढरी मारुती, १९८६ ची, मी १९९१ साली जुनी म्हणून घेतली, ती अवंतीला. पण गाडीसोबत तिची हकीकतही देणे मला भाग आहे.

आमचे वडील राजवाड्याच्या मोटारखान्यात एकतीस वर्षे ड्रायव्हर होते. त्यांच्या हातून एकाही गाडीला ओरखडा पडला नाही, हे आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ऐकावे लागे. ऐकवणारा मीच. गाडी घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दसरा होता. पूजेच्या हारांची टोपली उतरवायला मी डावे दार उघडले आणि लावायचे विसरलो. तशीच गाडी मागे घेतली. दार आमच्याच ओट्यावर आपटून पुढच्या बाजूला वाकले. गल्लीत चिटपाखरू नव्हते. मी गुडघा लावून दार जागेवर दाबले, ओरखड्यावर हळदकुंकू फासले, त्यावर झेंडूचा हार सोडला आणि वर हाक मारली, "कांचन, खाली ये, ओवाळ." कांचन म्हणजे माझी पत्नी. तिने येऊन ओवाळले.

दार लागत असे, पण वरच्या कोपऱ्यात पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. गाडीने वेग घेतला की तिथून वारा शिट्टी घालू लागे. पहिल्यांदा वाजली तेव्हा मागच्या सीटवर अवंती आणि उदयसिंहराव होते. त्याने विचारले, "दादा, काय वाजतंय हे?" मी म्हणालो, "कांचनला दार नीट ओढता येत नाही."

हे वाक्य सात वर्षे चालले. मी म्हणायचो, "कांचन, दार!" मागून अवंती म्हणायची, "आई, दार!" लग्नानंतर पीयूषरावांनीही तेच उचलले. सगळे हसायचे. अहमदाबादच्या रस्त्यावर तिने चालत्या गाडीत दार उघडून पुन्हा ओढलेले मी पाहिले आहे. पुढे ती फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबू लागली आणि ती उडू नये म्हणून वाटभर हाताने धरून बसू लागली.

सीटचेही तसेच. दोन्ही सीटांचा फोम बसला होता आणि तारा वर आल्या होत्या. १९९४ साली माझी कंबर धरली, तेव्हा मी पाणीगेटच्या इस्माईलभाईंकडून माझी सीट नव्याने भरून घेतली. त्यांनी विचारले, "साहेब, बाजूची?" मी म्हणालो, "ती कुठे गाडी चालवते?" कांचनने जुन्या लुगड्याची गादी शिवली आणि तिच्यावर बसू लागली.

७ ऑगस्ट १९९८ रोजी सकाळी तिच्या छातीत कळा येऊ लागल्या. दवाखान्याच्या वाटेवर शिट्टी वाजली. मी सवयीने म्हणालो, "कांचन, दार." ती म्हणाली, "ओढलंय हो." त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी मला बाहेर येऊन सांगितले.

वर्षश्राद्ध झाल्यावर इस्माईलभाई वर्षभर उभी असलेली गाडी दुरुस्तीला न्यायला आले. गाडी त्यांनी चालवली, मी प्रथमच डावीकडे बसलो. लहरीपुऱ्यापर्यंत तार मांडीत रुतली. पुढे मोकळा रस्ता लागला तशी शिट्टी थेट कानात शिरली. माझ्या बाजूला ती याच्या पाव हिश्श्यानेही कधी आली नव्हती. बिजागरी सरळ करणे, दाराचे रबर बदलणे, सीट भरणे, सगळे दीड दिवसात झाले. मी म्हणालो, "आधी लक्षात यायला हवं होतं." इस्माईलभाई गुजरातीत म्हणाले, "साहेब, बेन बद्धुं जाणतां हतां." बेन सगळं जाणून होत्या.

१९९५ साली ती एकटी रिक्षाने त्यांच्या दुकानी गेली होती. साहेबांना न कळता दार सरळ होईल का, असे तिने विचारले. गाडी आणावी लागेल म्हटल्यावर म्हणाली, "मग राहू द्या. दार त्यांच्याच हातून आपटलं, मी माडीच्या खिडकीत उभी होते. त्यांना वाटतं, कुणी पाहिलं नाही. त्यांच्या वडिलांचं नाव आहे ना."

मला लाज वाटते. ओट्यावर पाऊल ठेवताना वाटते, खिडकीकडे पाहताना तर फारच वाटते. तिने दार दर वेळी नीटच ओढले होते, हे मी या स्टँप पेपरवर लिहून देतो. अवंतीला हे सांगण्यासाठी मी चार वेळा फोन उचलला आणि हवापाणी विचारून ठेवला.

हे कलम माझ्या पश्चात वाचावे असे ठरवले होते. पण माझ्या फोटोला हार घातल्यावर कबुली द्यायची, म्हणजे पुन्हा हारामागेच लपायचे. तेव्हा येत्या दसऱ्याला सर्वांसमोर मी ते स्वतः वाचीन.

बडोदे, २ ऑक्टोबर १९९९
(सही) श्रीपतराव बळवंतराव माने
आमच्या देखत सही केली :
१. इस्माईल हुसेनभाई मन्सुरी, सीटकाम, पाणीगेट
२. अविनाश दत्तात्रय पाठक, वकील

पुरवणी, दसरा, १९ ऑक्टोबर १९९९. आज ओट्यावर उभे राहून कलम ४ वाचले. उदयसिंहराव खाली मान घालून उभा होता. अवंती कांचनच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने दार ओढले. ते लागले. मग काच खाली करून म्हणाली, "बाबा, तिला कधी विचारलंसुद्धा नाही. मी पण हसायचे."

घर, ठेव आणि गाडी मी तिच्या नावे केली आहे. ही लाज तिच्या नावे केली नव्हती. ती तिने आपणहून घेतली, आणि ती परत घेण्याची तरतूद कुठल्या कलमात करावी हे वकिलांनाही सांगता आले नाही.

(सही) श्री. ब. माने
साक्षीदार वरीलप्रमाणे, दोघेही हजर.