कान तुटलेला कप

३ एप्रिल, गुरुवार
लिनचा हिंदीचा क्लास कालपासून बंद, थेट जूनपर्यंत. वाटलं होतं सुट्टीत घरी जाईल. नाही म्हणतो. तैवानहून त्याच्या आईचा फोन आला, विमानात बसू नकोस, इकडे तापाची साथ आहे. म्हणजे आता दोन महिने दिवसभर वरच्या खोलीत. पंखा दिवसभर. टाकीतलं पाणी. पोलीस चौकीत भाडेकरूचा फॉर्म भरला तेव्हा हवालदार म्हणाला होता, "काका, परदेशी माणूस ठेवताय, लक्ष ठेवा. काही झालं तर तुम्हालाच विचारणार." तेव्हापासून तो कधी जातो, कधी येतो हे इथे टिपतो. डायरी आमच्या मिलिंदने दिलेली, त्याच्या कंपनीची. कागद जाड आहे, शाई फुटत नाही.
आज: स. ७ गेला (पोहायला). ९.३० परत. दुपारी झोप. सा. ५ सायबर कॅफे. ६.१५ परत.

६ एप्रिल, रविवार
शांताने त्याला कैरी तिखट-मीठ लावून दिली. डोळ्यांत पाणी आलं, तरी "और" म्हणाला. ती त्याला लिनू म्हणते. तो तिला आई, मला बाबा. मी म्हणालो, भाडेकरूने भाडेकरूसारखं राहावं. ती म्हणाली, "पोटचा हिंजवडीला आहे, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. हा रोज चहाला खाली येतो. तुम्हाला कुठं टोचतं?"
टोचत नाही. पण उद्या काही झालं तर?

९ एप्रिल, बुधवार
मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॅरम खेळायला जायला लागला. स. ११ ते १. आज त्याने तिघांना हरवलं म्हणे. पोरं त्याला चिनी म्हणतात. तो दर वेळी सांगतो, चीन नाही, तैवान. ती म्हणतात, तेच ते. तो हसतो आणि राणी घेतो.
पावडरने हात पांढरे करून येतो. जिन्याच्या कठड्याला हात लावू नको म्हटलं.

११ एप्रिल, शुक्रवार
गायकवाड आले होते. विहाराच्या समितीचे अध्यक्ष. जयंतीची वर्गणी नेली आणि वर जिन्याकडे बघत बसले. म्हणाले, "सोनवणे, तुमच्याकडे बुद्धाच्या देशातला मुलगा आहे, आणि तुम्ही तो डब्यात झाकून ठेवलाय." यंदा खीर त्याच्या हातून वाटायची, असं ठरवूनच आले होते.
वर जाऊन लिनला विचारलं. त्याचं हिंदी माझ्या इंग्रजीसारखंच. तो म्हणाला, देवळात आजी जाते, मी नाही जात. मग हसून म्हणाला, "बुद्ध तो इधर का है ना, बाबा?"
हे गायकवाडांना सांगितलं नाही. कशाला सांगायचं. समितीत वीस वर्षं आहे, कधी कोणी माझं नाव माइकवरून घेतलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. लिनला मिलिंदचा पांढरा सदरा घातला, बाह्या आखूड झाल्या. गायकवाड माइकवर बोलले, आपले ज्येष्ठ सभासद सोनवणे यांचे पाहुणे, भगवंतांच्या देशातून आलेले. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत.
लिनने दोन पातेली खीर वाटली. स. १० ते दुपारी १. हात दुखला तरी वाढायचा डाव दुसऱ्याला देईना. म्हाताऱ्या बायकांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. एकीने आपल्या नातवाला त्याच्याकडून भरवून घेतलं. शांता रडली. मला पण भरून आलं. माझा बाप असता तर, असं वाटलं.
अंग जड आहे. ऊन फार होतं.

१९ एप्रिल, शनिवार
पेपरात पहिल्या पानावर सार्स. तोच ताप. चीन, हाँगकाँग, तैवान. खोकला, ताप, मग श्वास लागतो. औषध नाही. खाली आरोग्य खात्याचा फोन नंबर दिलाय. कात्रण कापून डायरीत ठेवलं.
लिन जानेवारीत आला. तेव्हा तिकडे साथ होती का? पेपरात लिहिलेलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
लिन खोकतो.
पहाटे पाचला ऐकलं. आधी वाटलं शेजारचे. नाही, वरूनच. स. ७ पोहायला गेला नाही.
शांता म्हणाली, उन्हाळ्यातली धूळ आहे, समोर बिल्डिंगचं खोदकाम चाललंय, तुम्हीसुद्धा खोकता. मी खोकतो तो वेगळा. माझा बिडीचा, जुना.

२३ एप्रिल, बुधवार
स. ५ ते ६ एकवीस वेळा. अंग गरम आहे का, हात लावून पाहायचं धाडस झालं नाही. जिन्यातूनच विचारलं, बुखार? तो म्हणाला थोडा, कल से.
कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं. गेला. गोळ्या घेऊन आला. मग मी जाऊन डॉक्टरांना विचारलं, पेपरातला तोच ताप आहे का? ते म्हणाले, "सोनवणे, मी काय हातात यंत्र घेऊन बसलोय? घसा लाल आहे. तो परदेशातून येऊन तीन महिने झालेत. घाबरू नका." पण बोलताना त्यांनी स्वतः रुमाल तोंडाला लावला होता. मी पाहिलं.

२४ एप्रिल, गुरुवार
चहाला खाली आला. मी शांताला म्हणालो, त्याचा कप वेगळा ठेव. फडताळात मागे कान तुटलेला एक कप पडून होता, कोणी वापरत नाही, तो मीच काढून दिला.
ती बघतच राहिली. "वेगळा कप? तुम्ही? तुमच्या तोंडून?"
मी म्हणालो, आजाराचं आहे हे, त्याच्याशी काय संबंध.
"त्यांचं पण काहीतरी कारण असायचंच की," म्हणाली. आणि आत गेली.
लिनने चहा पिऊन कप स्वतः नळाखाली धुतला, बाहेर जिन्याच्या कठड्यावर पालथा घातला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात अशीच एक बशी असायची. बाप चहा पिऊन धुवून पालथी घालायचा. मी सात-आठ वर्षांचा होतो. जाऊ दे.

२५ एप्रिल, शुक्रवार
मंडळात कोणीतरी बोललं. लिन गेला तर शेडला कुलूप. पोरांनी कॅरमच्या सोंगट्या डेटॉलच्या पाण्यात टाकून ठेवल्या होत्या, त्या फुगल्या. आता बोर्डावर सरकत नाहीत. पोरं म्हणतात भरपाई सोनवण्यांकडून घ्या.
मिलिंदचा फोन. सूनबाईला सातवा. "बाबा, तो माणूस आहे तोपर्यंत आम्ही येणार नाही. तिचं चेकअप तिकडेच करून घेतो. तुम्ही त्याला अजून ठेवलाय कसा?" आईला दे म्हणाला. आई आली नाही फोनवर.

२६ एप्रिल, शनिवार
गायकवाड दारातच उभे राहिले. बसा म्हटलं, बसले नाहीत. म्हणाले, "सगळ्या वस्तीने खाल्लीय त्याच्या हातची खीर. तीन घरांत पोरं खोकतायत. कल्पना कोणाची होती, लोक विचारतात."
मी म्हणालो, साहेब, कल्पना तुमची होती.
"पाहुणा कोणाचा होता?"
माइकवरून नाव घेतलंच होतं त्यांनी.
लिनचा खोकला: पहाटे चौतीस. सा. ताप असावा, दिवा लावला नाही. शांता भाताची पेज घेऊन वर गेली. मी अडवलं. ती माझा हात बाजूला करून गेली.

२८ एप्रिल, सोमवार
स. १०. आळंदी रोडवर एस.टी.डी. बूथवर गेलो. घरून फोन करता आला असता. कात्रणातला नंबर लावला. नाव विचारलं, सांगितलं नाही. पत्ता सांगितला. वरची खोली म्हणालो, जिना बाहेरून आहे म्हणालो. हे कशाला सांगितलं? जिन्याचं कोण सांगतं मालकाशिवाय.
दुपारी २ ला गाडी आली. चार माणसं, तोंडाला हिरवी फडकी, हातात मोजे. सगळी गल्ली गॅलरीत. लिन चप्पल शोधत होता, एकच सापडली. गाडीत चढताना माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, आप आओगे?"
मी म्हणालो, तू हो पुढे, मी मागून येतो.
गेलो नाही.

३० एप्रिल, बुधवार
शांता डबा घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. दोन बस बदलून. वॉर्डात सोडत नाहीत. डबा चौकीदाराने ठेवून घेतला, पोचला की नाही कळलं नाही. लांबून काचेतून दिसला म्हणे, खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता.
घरी आल्यावर तिने विचारलं, "फोन कोणी केला असेल हो?"
मी म्हणालो, मला काय माहीत. गल्लीत पन्नास घरं आहेत.
"गायकवाडांनी केला असेल."
मी गप्प. म्हणजे हो म्हटल्यासारखंच.

३ मे, शनिवार
वरची खोली उघडून पाहिली. खात्याच्या माणसांनी फवारणी केलीय, वास जात नाही. टेबलावर वही. तिच्यात शांताने शिकवलेले शब्द त्याच्या लिपीत आणि पुढे इंग्रजीत. बाकी मला वाचता आलं नाही. मी सातवीपर्यंतचा. एका पानावर आमच्या घराचं चित्र काढलंय, जिन्यासकट. कठड्यावर कपसुद्धा काढलाय.
कठड्यावरचा खरा कप अजून तिथेच, पालथा.
शांता तीन दिवस गायकवाडांच्या घरावरून जाताना जय भीम घालत नाही. आज त्यांच्या बायकोने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, तुमच्या ह्यांना विचारा.
हे वाढणार.

५ मे, सोमवार
मला ताप. नाही, तसा नाही. भीतीचा असेल. थर्मामीटर लावला, ९८.

८ मे, गुरुवार
रिपोर्ट आला. काही नाही. धुळीचा खोकला, घशाला सूज. दु. ४ ला रिक्षाने परत आला, बारीक झालाय, पायात दवाखान्याच्या प्लास्टिकच्या चपला. गॅलऱ्या पुन्हा भरल्या. कोणी हाक मारली नाही.
शांताने भाकर तुकडा ओवाळून टाकला. हे आपल्यात करत नाहीत, मी काही बोललो नाही.
जेवताना तिने सरळ विचारलं, "लिनू, किसने फोन किया, उन्होंने कुछ बताया?"
त्याचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग ताटात बघून म्हणाला, "पता नहीं, आई."
त्याला माहीत आहे. त्यांच्या कागदावर लिहिलेलं असणार, वरची खोली, जिना बाहेरून.


११ मे, रविवार
गायकवाड आले. या वेळी बसले. "रिपोर्ट चांगला आला ना? मग झालं. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा. पुन्हा त्यालाच वाटू द्या खीर, म्हणजे लोकांच्या मनातली भीती जाईल." शांता आतून म्हणाली, "आधी फोन करणाऱ्याने येऊन त्याची माफी मागावी, मग खीर." गायकवाड माझ्याकडे बघायला लागले. "कसला फोन? मी नाही हो, शपथ." ती म्हणाली, शपथ कोणाची घेताय?
गायकवाड खरं बोलतायत, हे या घरात मला एकट्याला माहीत आहे. लिनला धरून दोघांना.

१४ मे, बुधवार
लिन कॅरमला जात नाही. पोहायला पण नाही. स. गच्चीवर बसतो. सा. सायबर कॅफे, तेवढंच. येणं-जाणं टिपायचं बंद करावं म्हणतो, पण हात सवयीने लिहितो.
त्याला म्हणालो, जाना है तो दूसरा रूम देख लो, मी काही म्हणणार नाही. तो म्हणाला, "मैं जाऊं?" मी म्हणालो, नाही, तसं नाही.

१६ मे, शुक्रवार
बुद्धपौर्णिमा. विहारात लिन आला नाही. शांता पण नाही. मी गेलो, मागच्या रांगेत बसलो. पंचशील घेताना मुसावादाच्या, खोटं न बोलण्याच्या ओळीला आवाज निघाला नाही. शेजारच्याला वाटलं, घसा बसलाय. तो थोडा सरकून बसला.
घरी आलो तर चहा झाला होता. शांताने तीन स्टीलचे पेले मांडले होते. लिन खाली आला, पेल्याकडे पाहिलं, परत बाहेर गेला आणि कठड्यावरून तो कान तुटलेला कप घेऊन आला. शांता म्हणाली, "अरे, टाक तो! आता कशाला?"
तो मराठीत म्हणाला, "माझा कप." एवढं त्याने स्पष्ट म्हटलं. ळ, ण अजून येत नाहीत त्याला, पण एवढं आलं. रागाने नाही म्हणाला. माझ्याकडे बघून पण नाही.
शांताने ओतला त्यात चहा. आम्ही तिघं प्यायलो. नंतर त्याने धुतला आणि पालथा घातला.
ती विचारत होती, रोज त्या वहीत एवढं काय लिहिता. म्हणालो, लाइटचं, पाण्याचं.
ती प्रौढ वर्गात शिकली, हळू वाचते पण सगळं वाचते. डायरी आज कपाटात ठेवत नाही. टेबलावरच ठेवतो, तिच्या चष्म्याजवळ. २८ एप्रिलच्या पानात कात्रण आहे, तिथे आपोआप उघडते.
मी विहारामागच्या पारावर बसायला जातोय. दिवे लागायच्या आत येतो, असं तिला सांगितलंय.