पाद्रिणीचा झगा

१२ मार्च, रविवार.

ताई,

दुपारी तुझ्या लेकीच्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. तू जन्मभर चर्चच्या पाद्र्यांचे झगे शिवलेस, आज ती स्वतः पाद्रीण होऊन वेदीपुढे गायली. झगा मी तुझ्याच कागदी मापावरून बेतला, फक्त पोटाचा घेर वीतभर कमी केला. या भूमिकेपायी तिच्याशी अबोला धरलेले भाऊजी शेवटच्या रांगेत दिसले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बाई पाद्री? पाप आहे हे!"

भाऊजी ताडकन उठले. "ओरडायचं ते मध्यंतरात ओरडा हो! माझी मुलगी गातेय."

टाळ्या थांबेनात. नंतर बापलेक हसत जेवायला गेले. मला चल म्हणाले, मी दोघांनाच जाऊ दिलं.

तू गेल्यापासून आज पहिल्यांदा भूक लागली. दोन अंडी उकडली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ली.

तुझी धाकटी